फाल्गुनातली डोंगरवाट : कुंडल, १९४४

मार्च १९४४. मीटरगेजची गाडी तुम्हाला किर्लोस्करवाडीला उतरवून मिरजेकडे निघून जाते. जुनी माणसं या स्टेशनला अजून 'कुंडल रोड' म्हणतात. लोखंडी नांगरांचा कारखाना मागे टाकून तुम्ही कुंडलची वाट धरता. शाळू काढून झालाय, खळ्यावर मळणीचे बैल गोल फिरताहेत. विहिरीवर मोट चालू आहे. थारोळ्यात पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ तुमच्या मागे येतो.

हा मुलूख औंध संस्थानचा. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हाती सोपवला. इथं ब्रिटिश पोलिसांना मनाला येईल तसं शिरता येत नाही. म्हणून तर प्रतिसरकारनं, ब्रिटिशांना न जुमानता लोकांनी उभ्या केलेल्या सरकारनं, कुंडलला घर केलंय.

गाव ओलांडून तुम्ही डोंगराला लागता. ऊन स्वच्छ आहे, अजून बोचत नाही. काटेसावरीला पान नाही, नुसती लाल फुलं. खाली पडलेल्या फुलांवरून पाय जपून टाकावा लागतो. वाळल्या गवताची कुसळं धोतराला चिकटतात. मध्येच एखादा होला घुमतो.

झरी पार्श्वनाथाच्या गुहेत शिरलात की अंग एकदम निवतं. कातळातून पाझरणारं पाणी मूर्तीवर थेंबथेंब पडतंय. तुम्ही ओला हात डोळ्यांना लावता आणि गिरी पार्श्वनाथाच्या डोंगराकडे निघता.

चढावर एक धनगर म्हातारा काठी टेकून उभा आहे.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

तुम्ही सांगता. तो तुमच्या पायांकडे बघतो, मग चेहऱ्याकडे. खबऱ्यांचे दिवस आहेत. एवढं बघणं त्याला भाग आहे.

"बसा सावलीला. पानी प्या," तो शेवटी म्हणतो.

वरून सगळा मुलूख उघडा पडतो. दूर कृष्णाकाठचा हिरवा पट्टा, अलीकडे रुळांची रेघ. याच रुळांवर, वर शेणोलीला, ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली. पुढं होते इथलेच जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड. दोघांनीही अजून पंचविशी गाठलेली नाही. खालच्या माळावर काही पोरं लाठ्या घेऊन रांगेत वळताहेत. गावोगाव न्यायमंडळं तंटे सोडवताहेत, दारूच्या भट्ट्या बंद होताहेत, बिनहुंड्याची साधी लग्नं लागताहेत. आणि या साऱ्याचा आवाज म्हणजे प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील यांचं रांगडं भाषण.

उतरताना एक बाई चढावर भेटते. डोक्यावर बुट्टी, वर ओलं फडकं. शाळूच्या भाकरीचा आणि खर्ड्याचा वास तिच्यासोबत येतो.

"मावशी, शेतावर किती माणसं?"

"दोघंच की."

बुट्टीत वीसेक भाकऱ्या सहज असतील. तिची मान त्या ओझ्यानं ताठ झालीय. ती थांबत नाही आणि तुम्हीही पुढं विचारत नाही. वाटेतून बाजूला सरता, तिला आतली, सपाट कड देता.

वळणापलीकडे ती दिसेनाशी होते. त्या बाजूला शेत नाही.