लॅपटॉप आपोआप निद्रेत न जाणे

लॅपटॉप आपोआप निद्रेत न जाणे : ठरवून दिलेला वेळ कोणी हात लावला नाही, तरी लॅपटॉपने जागेच राहणे. बोलीत याला ‘लॅपटॉप स्लीपला जात नाही’ असे म्हणतात. ही नोंद मुख्यतः विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपविषयी आहे. उदाहरणे कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कामाची घेतली आहेत. कोल्हापूरहून निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या या वसाहतीत ओतकाम, यंत्रकाम, इंजिने आणि कापड असे उद्योग आहेत. घरात क्वचित आढळणारी या दोषाची काही कारणे अशा ठिकाणी रोजची असतात.

पूर्वी संगणक झोपवण्याचे काम मुख्यतः बायोसकडे होते. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांची १९९२ मधली एपीएम ही पद्धत तशीच होती. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक मांडले आणि हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आला. त्यातल्या एस-३ या अवस्थेत फक्त रॅमला वीज मिळत राहते. एस-४ म्हणजे हायबरनेट. त्यात रॅममधले सगळे डिस्कवर उतरवून लॅपटॉप बंद होतो. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमकडे आल्यामुळे चालू प्रोग्रॅमना आणि ड्रायव्हरना ‘माझे काम चालू आहे, झोपू नकोस’ अशी विनंती करण्याची सोय मिळाली. न झोपणारा लॅपटॉप बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो अशीच कोणाची तरी विनंती पाळत असतो. ती कोणाची, हे शोधणे म्हणजेच या दोषाची दुरुस्ती.

सुरुवात सेटिंगपासून करावी. विंडोजमध्ये झोपेची वेळ दोन ठिकाणी लावलेली असते, एक बॅटरीवर असतानाची आणि दुसरी चार्जर लावलेला असतानाची. कारखान्यातल्या टेबलावरच्या लॅपटॉपचा चार्जर सहसा निघत नाही, त्यामुळे बॅटरीची वेळ कितीही कमी केली तरी उपयोग होत नाही. चार्जरच्या रकान्यात ‘कधीच नाही’ असेल, तर शोध तिथेच संपतो. रकाना फिकट दिसत असेल आणि बदलता येत नसेल, तर ते धोरण कंपनीच्या आयटी विभागाने लावलेले असते. बदलही त्यांच्याकडूनच करून घ्यावा लागतो.

दुसरे कारण हाताखालचेच, म्हणून सहज निसटते. झोपेचे घड्याळ कीबोर्ड आणि माउसच्या हालचालीवर चालते. शेवटची हालचाल झाली की मोजणी शून्यापासून सुरू होते. फाउंड्रीत मोल्डिंग मशीनचे ठोके किंवा नॉकआउटची थरथर जमिनीतून शेजारच्या केबिनपर्यंत पोचते, टेबल सूक्ष्म हलते, आणि माउसच्या पोटातल्या लाल दिव्याला ती हालचाल दिसते. बाण पडद्यावर इतका थोडा सरकतो की माणसाच्या डोळ्याला जाणवतही नाही, पण मोजणी मात्र पुन्हा शून्यावर येते. चकचकीत काचेच्या किंवा सनमायकाच्या टेबलावर तर थरथर नसतानाही बाण कधीकधी आपोआप लटपटतो. परीक्षा सोपी आहे : शिफ्ट चालू असताना माउस उताणा ठेवावा किंवा त्याची पिन काढावी आणि ठरलेला वेळ वाट पाहावी. लॅपटॉप झोपला, तर दोष माउसखालच्या टेबलाचा आहे. जाड कापडी पॅड बहुधा पुरतो.

माउस काढूनही लॅपटॉप जागाच राहिला, तर त्यालाच विचारावे. विंडोज ७ पासून ही सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला चिकटून ‘रिक्वेस्ट्स’ असे इंग्रजीत टाइप करावे. उत्तरात ‘डिस्प्ले’, ‘सिस्टिम’ असे मथळे येतात. डिस्प्लेखाली कोणाचे नाव असेल, तर तो पडदा विझू देत नाही. सिस्टिमखाली असेल, तर तो संगणकाला झोपू देत नाही. सगळीकडे ‘नन’ असेल, तर त्या क्षणी कोणी अडवत नाही असे समजावे. काही विनंत्या मधूनच येतात आणि जातात, म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा तरी पाहावे.

यादीतली काही नावे ओळखीची करून घेण्यासारखी आहेत. ‘एसआरव्हीनेट’ दिसले, तर या लॅपटॉपवरचे शेअर केलेले फोल्डर दुसऱ्या कोणाच्या संगणकावर उघडे आहे. ड्रॉइंग किंवा तपासणी अहवाल एकाच लॅपटॉपवर ठेवून सगळ्या विभागांनी तिथून उघडायचे, अशी पद्धत जिथे आहे तिथे हे हमखास आढळते. ब्राउझरचे नाव असेल, तर गेटच्या कॅमेऱ्याचे चित्र किंवा संपलेल्या मीटिंगची टॅब उघडी राहिलेली असते. ‘ऑडिओ स्ट्रीम’ म्हणजे आवाजाची वाट कोणीतरी धरून ठेवली आहे, मग आवाज ऐकू येत नसला तरी. प्रिंट स्पूलर दिसला, तर रांगेत अडकलेले चलन किंवा लेबल शोधून रद्द करावे. यातले काहीच सापडले नाही, तर यूएसबीला जोडलेल्या वस्तू एकेक करून काढून पाहाव्यात.

‘रिक्वेस्ट्सओव्हरराइड’ या आज्ञेने एखादी विनंती कायमची डावलता येते. हा उपाय शेवटी, तोही विचार करून वापरावा. शेअर फोल्डरची विनंती डावलली, की लॅपटॉप झोपतो आणि दुसऱ्या टोकाला फाइल उघडून बसलेल्याचा संपर्क तुटतो. असे फोल्डर सर्व्हरवर किंवा कायम चालू राहणाऱ्या संगणकावर हलवणे हाच खरा इलाज.

काही लॅपटॉप झोपता कामाच नयेत. सीएनसी किंवा व्हीएमसीच्या कंट्रोलरच्या स्मृतीत न मावणारा लांब प्रोग्रॅम लॅपटॉपवरून केबलने थोडाथोडा पाठवत राहतात. मध्येच लॅपटॉप झोपला तर प्रोग्रॅम येणे थांबते आणि कटर जॉबवर अर्ध्यात उभा राहतो. पृष्ठभागावर खूण उमटते, कधी जॉबच बाद होतो. अशा लॅपटॉपसाठी ‘कधीच नाही’ हीच योग्य सेटिंग आहे. तिच्या जोडीला पडदा लवकर विझण्याची वेळ लावावी आणि लॅपटॉपवर ठळक चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे रात्रपाळीचा माणूस ती सेटिंग ‘दुरुस्त’ करणार नाही.

लॅपटॉप झोपतो पण आपोआप उठतो, ही तक्रार वेगळी. त्यासाठी ‘लास्टवेक’ आणि ‘वेकटायमर्स’ या आज्ञा आहेत. नव्या अनेक लॅपटॉपमध्ये एस-३ ऐवजी मॉडर्न स्टँडबाय असते. त्यात पडदा विझूनही आतले थोडे काम चालू राहते. आपल्या लॅपटॉपमध्ये कोणती अवस्था आहे, हे ‘पॉवरसीएफजी’ला तिरपी रेघ व ‘ए’ जोडल्यावर कळते. मॅकवर हीच चौकशी ‘पीएमसेट’ने आणि लिनक्सवर ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ने करतात.

जाग्या लॅपटॉपने वीजबिल फारसे वाढत नाही. १२ वॅटचा लॅपटॉप १४ तास जागा राहिला तरी १६८ वॅट-तास, म्हणजे युनिटचा सहावा हिस्सा खर्च होतो. खरे नुकसान इतरत्र होते. पंखा फिरत राहिला की फाउंड्रीतली काळी वाळू आत ओढली जाते, उष्णता अडते आणि कायम गरम व पूर्ण चार्ज राहिलेली लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते. शिवाय पडदा विझत नसेल आणि कुलूपही पडत नसेल, तर ग्राहकाची ड्रॉइंग येणाऱ्याजाणाऱ्यासमोर उघडी राहतात.

या तक्रारीवर अनेकदा थेट फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकले जाते. त्यात मशीनचे केबल ड्रायव्हर आणि जुन्या सॉफ्टवेअरचे परवाने हरवतात. माउस आणि शेअर फोल्डर जागच्या जागी असल्याने दोष मात्र परत येतो. फॉरमॅटला हात घालण्याआधी विनंत्यांची यादी एकदा वाचावी. तिला एक मिनिटही लागत नाही.