बायकांचा व्यायाम, पुरुषांचं दुखणं

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेला माणूस घरी येतो. लघवीची नळी निघते, नातेवाईक सफरचंदं घेऊन भेटून जातात, आणि मग हा माणूस हळूहळू दिसेनासा होतो. विरार लोकल धरत नाही, लग्नाला जात नाही. गेलाच तर मांडवाच्या कडेला, बाहेर पडायची वाट धरून बसतो. खोकला आला, शिंक आली, खुर्चीवरून उठलं, की कपड्यात चार थेंब उतरतात. आमच्या वसईकडे मधुमेहाबद्दल, गुडघ्यांबद्दल माणसं तासन् तास बोलतील. याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बायकोलासुद्धा कपडे धुताना कळतं.

या दुखण्यावर एक व्यायाम सांगतात. तो कुठून आला, हे पाहण्यासारखं आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. लघवी अडवायला तिथे नळाच्या दोन चाव्या असतात म्हणा. वरची आपोआप चालते, खालची आपल्या मर्जीनं. कॅन्सरसाठी सगळी ग्रंथी काढतात तेव्हा वरची चावी बहुधा जाते आणि सगळा भार खालचीवर पडतो. वयानं वाढलेली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली तर अशी कायमची गळती क्वचित राहते. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ती पुष्कळांना काही महिने तरी होते.

हे मोठं ऑपरेशन अमेरिकेत बाल्टिमोरला ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली केलं. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन या आयरिश सर्जननं ओटीपोटाकडून ग्रंथीपर्यंत जाण्याची वाट दाखवली. १९८२ मध्ये बाल्टिमोरच्याच पॅट्रिक वॉल्श यांनी आजूबाजूच्या नसा वाचवून ऑपरेशन करून दाखवलं. सर्जनची नावं अशी ठळक लिहिलेली आहेत. पण टाके सुकल्यावर त्या माणसाचं पुढं काय झालं, याची चौकशी फार उशिरा सुरू झाली.

व्यायाम मात्र आला तो बायकांच्या वॉर्डातून. मार्गारेट मॉरिस ही इंग्लंडमधली नर्तकी. बाळंतपणानंतर आणि ऑपरेशननंतर करायच्या व्यायामांवर १९३६ साली आलेल्या पुस्तकात तिनं हे स्नायू आवळणं आणि सोडणं सांगितलं होतं. नाव झालं ते आर्नल्ड केगल या लॉस एंजेलिसच्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं. १९४८ मध्ये त्यांनी या व्यायामावर निबंध लिहिला. त्यांचं खरं डोकं दिसतं ते यंत्रात. आत ठेवायची एक रबरी पिशवी आणि तिला जोडलेली दाबाची तबकडी. बाईनं बरोबर स्नायू आवळला की काटा हलायचा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, हे केगल यांना कळलं होतं. पुढं त्यांचं नाव जगभर गेलं, यंत्र बरंचसं मागं पडलं आणि व्यायामाचा झाला कागद.

आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणेल, हा तर मूलबंध! हठयोगात मूलबंध आहे, अश्विनी मुद्राही आहे, आणि स्नायूही जवळपास तेच. पण त्या ग्रंथांपुढं ऑपरेशन झालेला म्हातारा नव्हता. त्यांचा हेतू वेगळा. मला अभिमान वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि उड्डियान, नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय होतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. केगल यांच्या तबकडीआधी चोवीस वर्षं! मोजून बघायची ती वृत्ती लोणावळ्याहून आपल्या इस्पितळांतल्या प्रोस्टेटच्या रुग्णापर्यंत पोचली असती तर बरं झालं असतं. मुंबईत केईएममध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, पण तेव्हा समोर पोलिओ होता.

पुरुषांवर या व्यायामाची नीट परीक्षा झाली ती बेल्जियममध्ये, २००० साली. १०२ रुग्ण होते. शिकवून व्यायाम करवून घेतलेल्यांपैकी ८८ टक्के तीन महिन्यांत कोरडे झाले. दुसऱ्या गटात ५६ टक्के. मग २०११ मध्ये ब्रिटनची मोठी चाचणी आली आणि तिनं पाणी टाकलं. मोठं ऑपरेशन झालेले ४११ पुरुष, व्यायाम शिकवलेले आणि न शिकवलेले. वर्षभरानं दोन्ही गटांत चारातल्या तिघांची थोडीफार गळती चालूच. म्हणजे व्यायाम जादू नाही. माझं वाचन असं, की तो लवकर कोरडं व्हायला मदत करू शकतो. कायमची गळती थांबवेलच, असं कुणी छातीठोक सांगू नये.

मुसलमान माणसाला यात आणखी एक पेच पडतो. थेंब आला की वजू तुटतो. आमच्या सोपाऱ्याकडचे एक बुजुर्ग ऑपरेशननंतर मशिदीत यायचेच बंद झाले. खरं तर फिकहमध्ये अशा माणसाला माजूर म्हणतात, लाचार. त्यानं जागा स्वच्छ करावी, कापड बांधावं, नमाजेची वेळ झाल्यावर नवा वजू करावा आणि नमाज पढावी. मग थेंब आला तरी चालतो. आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या आलिमांनी हा प्रश्न न लाजता लिहून, सोडवून ठेवलाय. आम्ही मात्र तो मौलवींना विचारायला लाजतो आणि डॉक्टरांनाही.

वसई-विरारच्या फिजिओथेरपिस्टकडे रांग असते ती गुडघ्यांची आणि खांद्यांची. तिथंही विचारता येतं. शक्य तर ऑपरेशनच्या आधीच विचारावं. वारा अडवताना जो स्नायू आत-वर ओढला जातो, तो हा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. काही सेकंद आवळायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणं लोक विसरतात. नळी आत असेपर्यंत करायचं नाही, आणि लघवी करताना धार तोडण्याची सवयही लावून घ्यायची नाही. जमू लागलं की खोकायच्या आधी, खुर्चीवरून उठायच्या आधी आवळायला शिकायचं. वर्ष होऊनही गळती तशीच राहिली तर मूत्ररोगतज्ज्ञाकडे परत जावं. १९७३ पासून कृत्रिम चावी बसवण्याचं ऑपरेशनही आहे.