आईच्या फाईलवरची लाल अक्षरं

आजचा भाग पेनिसिलिनच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात करतो श्रीपूरच्या आमच्या घरातल्या एका फाईलपासून. आईची फाईल. तिच्यावर लाल शाईत लिहिलंय, 'पेनिसिलिन चालत नाही'. १९६०च्या आसपासची गोष्ट. आई सात-आठ वर्षांची होती, घसा सुजून ताप आला, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ उठलं. पुरळ चार दिवसांत गेलं. वाक्य मात्र प्रत्येक नव्या फाईलवर उतरत आलं.

आजोबा सांगायचे, औषध पिंपरीचं होतं. तसं असेल तर ते तेव्हा नवलाचंच. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनू लागलं ते अमेरिका-इंग्लंडमध्ये, आपल्याकडे यायचं ते आयात होऊन. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखे यांच्यासारखे लोक म्हणत होते की हे औषध देशातच बनलं पाहिजे. शेवटी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५५मध्ये पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पुणेकर आजही त्या भागाला एच.ए. कॉलनी म्हणतात. (तिथल्याच शास्त्रज्ञांनी शोधलेल्या एका सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' आहे. गावाचं नाव असंही अमर होतं!)

आता आम्हा श्रीपूरकरांना हा कारखाना समजायला अवघड नाही. आगाशेंच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटपासून आमचं गाव साखरेवर जगतंय. मळी आंबवली की अल्कोहोल होतं, हे इथलं पोरगंही सांगेल. पेनिसिलिनही टाकीत आंबवूनच करतात, फक्त यीस्टऐवजी बुरशी. गंमत अशी की बुरशीला ग्लुकोज भरपूर दिलं तर ती नुसती फोफावते, औषध फारसं देत नाही. साखर हळूहळू, जरा उपाशी ठेवून दिली की पेनिसिलिन सुटतं. म्हणून सुरुवातीला सावकाश पचणारी दुधातली साखर वापरत. ती भरपूर औषध देणारी बुरशी तरी कुठली? १९४३ साली अमेरिकेतल्या पिओरिया गावात एका सडक्या खरबुजावर सापडलेली.

हे औषध जिवाणूला आपली भिंत नीट बांधू देत नाही. माणसाच्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून ते आपल्याला इतकं सोसतं. घसा, न्यूमोनिया, गरमीचा रोग, सगळ्यांवर चाललं. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेल्यांना आजही दर तीन आठवड्यांनी त्याचंच इंजेक्शन देतात.

पण रिॲक्शन? ती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. पेनिसिलिनचे तुकडे शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि काहींचं शरीर त्यांना शत्रू समजतं. क्वचित काही मिनिटांत श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. दहा हजारांत एक ते पाच, इतकं ते विरळ. तरी एकदा पाहिलेला डॉक्टर आयुष्यभर विसरत नाही. त्या धास्तीने पुरळ, जुलाब, मळमळ, सगळ्यालाच 'ॲलर्जी' हे एकच नाव पडत गेलं. तापाचं स्वतःचं पुरळही औषधाच्या खाती जमा झालं. असा शिक्का असलेल्यांची तपासणी केली तर दहातल्या नऊजणांहून अधिकांना पेनिसिलिन चालतं. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही बहुतेकांची दहा वर्षांत विरून जाते.

पिंपरीच्या टाक्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण फार सांगवत नाही. बाहेरून स्वस्त माल आला, १९९७मध्ये कंपनी आजारी ठरली, नंतर कामगारांचे पगार महिनोन्‌महिने रखडले. ज्या औषधासाठी देशाने एवढा खटाटोप केला, त्याचा कच्चा माल आपण चीनकडून घेऊ लागलो.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा फाईल पुन्हा निघाली. शिक्का असला की नेहमीचं प्रतिजैविक टाळून पर्यायी देतात, आणि अशा रुग्णांमध्ये ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग जास्त आढळतो. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तेव्हा श्वास कोंडला होता? ओठ सुजले होते?" आई म्हणाली, "नाही हो, नुसती खाज. मी तर पेरूच्या झाडावर चढले होते."

मग दवाखान्यातच, सगळी तयारी जवळ ठेवून, पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या अमॉक्सिसिलिनचा आधी छोटा डोस, मग पूर्ण डोस दिला. (हे घरी करून बघायचं नाही, बरं का.) दोन तास आम्ही बाकावर बसून होतो. मी तिच्या हातांकडे बघत होतो, ती भिंतीवरच्या घड्याळाकडे. काही झालं नाही. आईने लाल अक्षरं खोडायला पेन मागितलं. डॉक्टर म्हणाले, "थांबा आजी, त्यावर सही मला करावी लागते."