उसन्या धावपट्टीवरची हौस

नागपूरहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईपर्यंत रस्त्याने सुमारे अकराशे किलोमीटर पडतात. आमचा एक माजी विद्यार्थी, इतवारीतले वडिलोपार्जित दुकान सांभाळणारा, हे अंतर वर्षातून एकदा स्वतःच्या दोन आसनी गाडीने कापतो. गाडी जर्मन, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. एरवी ती धरमपेठेतून दुकानापर्यंत जाते आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचे पोट घासते. इरुंगट्टुकोट्टईला पोहोचल्यावर त्याला दिवसभरात वीस-वीस मिनिटांची चार सत्रे मिळतात. तेवढ्यासाठी दोन दिवस जाण्याचे आणि दोन दिवस येण्याचे. "मग पहिला कोण येतो?" असे आम्ही मास्तरी कुतूहलाने विचारले, तेव्हा तो किंचित दुखावल्यासारखा म्हणाला, "सर, तिथे कोणी पहिला येत नसतो."

ते वाक्य आमच्या मनात राहून गेले. आपल्या भाषेत या प्रकाराला नाव नाही. आपण त्याला 'शर्यत' म्हणून मोकळे होतो. पण शर्यत या शब्दातच शर्त आहे, पैज आहे, म्हणजे हार-जीत आली. इथे ती नाही. रोजच्या वापरातली गाडी घेऊन यायची, तपासनिसांनी टायर, ब्रेक आणि आसनाचे पट्टे पाहायचे, डोक्यावर हेल्मेट चढवायचे आणि आपल्या वकुबाच्या गटात धावपट्टीवर उतरायचे. वळणावर कोणी कोणाला मागे टाकायचे नाही. सरळ रस्त्यावर, तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावरच जायचे. पिवळे निशाण दिसले की वेग कमी, लाल दिसले की सत्र थांबले. शेवटची फेरी मंदगतीने घ्यायची, म्हणजे तापलेले ब्रेक निवतात. तसे न केल्यास ब्रेकचे तेल उकळते आणि पायाखालचा ब्रेक लोण्यासारखा मऊ लागतो, हे त्याने पहिल्याच वर्षी स्वतःच्या घामाने शिकून घेतले. गाण्यातल्या माणसाला हे सांगितले तर तो म्हणेल, ही मैफल नव्हे, हा रियाज. आम्हालाही तीच उपमा जवळची वाटते, फक्त या रियाजाला तीन-चार किलोमीटर लांबीचा, भिंतीआडचा रस्ता लागतो. सगळा इतिहास त्या रस्त्याचा आहे. गाड्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. ज्या जमिनीवर त्या धावल्या तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

इंग्लंडमध्ये १९०३च्या कायद्याने रस्त्यावरचा वेग ताशी वीस मैलांवर बांधून टाकला होता. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यातल्या आपल्या इस्टेटीवर स्वखर्चाने ब्रुकलँड्सची काँक्रीटची धावपट्टी बांधली आणि १९०७ साली ती खुली झाली. जर्मनीत १९२७ साली आयफेलच्या डोंगरात न्यूरबुर्गरिंग तयार झाले आणि तिथे सामान्य माणसाने पैसे भरून आपली घरची गाडी फिरवावी अशी सोय राहिली. वीस किलोमीटरहून लांब असा तो वळणाचा रस्ता अजूनही तसाच वापरला जातो. पुढे युद्ध आले. ब्रुकलँड्स १९३९ साली बंद पडले, कारण विमानांच्या कारखान्यांना ती जागा हवी होती. विमानांनी मोटारींची जागा घेतली खरी. पण युद्ध संपल्यावर त्यांनी जणू ती व्याजासह परत केली. इंग्लंडभर ओस पडलेले लष्करी विमानतळ होते. त्यांतलेच सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड १९४८ साली मोटारींचे झाले. पेट्रोलचे रेशन असलेल्या त्या काळात तरुण इंजिनियर आठवडाभर ज्या गाडीने कामावर जात, तीच रविवारी तिथे पळवत. कॉलिन चॅपमनची 'लोटस सेव्हन' १९५७ साली आली ती याच माणसांसाठी: दारे नाहीत, छप्पर नावापुरते, वजन जवळपास नाहीच, आणि कर वाचवण्यासाठी सुटे भाग घेऊन घरीच जोडायची मुभा.

आपल्याकडेही नेमके हेच घडू लागले होते. भारतातल्या मोटारींच्या चाचणी-स्पर्धेची सुरुवात तशी जुनी. १९०४च्या डिसेंबरअखेरीस दिल्लीहून मुंबईकडे मोटारी निघाल्या, तेव्हा प्रश्न वेगाचा नव्हता, गाडी पोहोचते का हाच होता. वेगाला जागा मिळाली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, आणि तीही विमानांकडूनच. जुहूचा विमानतळ १९२८चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते इथेच. युद्धानंतर सांताक्रूझने मोठी विमाने आपल्याकडे ओढली आणि जुहूच्या धावपट्टीला सवड मिळाली. तिच्यावर मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली टाकून दिलेली धावपट्टी होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने तिच्यावर आपला वार्षिक मेळा भरवला. कलकत्त्याच्या बाजूला बॅरकपूर होते. संस्थानिकांच्या जग्वार आणि एम.जी. यायच्याच, पण परदेशी गाड्यांची आयात आवळली गेल्यावर मैदान उरले ते मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फियाटचे आणि मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डचे. मागची बैठक काढली, बंपर उतरवले, इंजिनाचे हेड घासून घेतले, एकाच्या जागी दोन कार्बुरेटर बसवले की घरची फियाट शर्यतीची झाली. सोमवारी बैठक पुन्हा जागेवर आणि मुले शाळेत. शोलावरमला पुढे गोंडलचे महाराज आपली सर्टीस घेऊन उतरले, विजय मल्ल्यांनी फॉर्म्युला वनची एन्साइन गाडी पळवली, आणि आठवण निघाली की लोक त्याच सांगतात. आमचे मन त्या अनाम फियाटवाल्यांकडे ओढ घेते. हौशी रंगभूमीवर नायकाचे काम करून दुसऱ्या दिवशी कचेरीत फायली चाळणाऱ्या कारकुनाशी त्यांचे नाते आहे.

नागपूरला असे काही का झाले नाही, असा प्रश्न आम्हाला पडला आणि त्याचे निदान अर्धे उत्तर सोनेगावात मिळाले. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमाने परत आपापल्या शहरी. देशाच्या मध्यावर असण्याचे कौतुक आपण झिरो माईलच्या दगडापुरते करतो, पण त्या काळी ते कौतुक रोज रात्री कामाला जुंपलेले होते. इतर शहरांच्या धावपट्ट्या रिकाम्या पडत असताना आमची मध्यरात्रीही जागी होती. तिथे मोटारवाल्यांना कोण उभे करणार? हा तर्क आमचा आहे, पुराव्याने सिद्ध केलेला निष्कर्ष नव्हे.

मुंबई आणि मद्रास यांच्या वाटा मात्र एका साध्या गोष्टीने वेगळ्या झाल्या. जुहूची जागा उसनी होती आणि उसनीच राहिली. भोवती शहर वाढले, हेलिकॉप्टर आले आणि मोटारी गेल्या. शोलावरमही उसनेच होते. पण मद्रासच्या क्लबने वेळीच ओळखले की उसन्या जागेचा भरवसा नाही, आणि इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची जमीन विकत घेतली. १९९० साली तिथे ३.७ किलोमीटरची धावपट्टी उभी राहिली. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे झाला. त्या मातीतूनच नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. मुंबईकडे पैसा होता, गाड्या होत्या, कुर्ल्याचा कारखाना होता. जमीन मात्र घेतली गेली नाही. महाराष्ट्रातल्या किती हौशी संस्थांचा हा इतिहास आहे, हे नाट्यमंडळे आणि ग्रंथालये चालवणाऱ्यांना विचारावे.

गंमत अशी की 'लोटस सेव्हन'चे एक भारतीय भावंड महाराष्ट्रातच जन्मले. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने या शतकाच्या आरंभी फायबरग्लासच्या अंगाची, इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवलेली रोडस्टर हाताने बांधायला सुरुवात केली. ज्या प्रकारच्या गाडीचा जन्मच रविवारच्या धावपट्टीसाठी झाला, ती आपल्याकडे कोकणातल्या लाल मातीच्या कडेला उभी राहिली.

आज स्थिती अशी, की इंजिने पूर्वीच्या अनेक पटींनी ताकदवान आहेत आणि नागपूरच्या दाराशी, शिवमडक्याला, समृद्धी महामार्ग सुरू होतो. शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता. मोटारीला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. सरळ, मोकळा, मोह पाडणारा रस्ता. पण तो बाजाराला जाणाऱ्यांचा, लेकीला भेटायला निघालेल्यांचा आहे. मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम सार्वजनिक जागी शर्यत आणि वेगाची चाचणी यांना शिक्षा सांगते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच कलमात 'राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून' असे शब्द आहेत. म्हणजे कायद्याला वेग अमान्य नाही. त्याला जागा आणि जबाबदार माणूस हवा आहे. तमिळनाडूने ऑगस्ट २०२४ अखेरीस चेन्नईच्या आयलंड ग्राउंडभोवतीचे रस्ते बंद करून रात्रीच्या शर्यती भरवल्या. नागपूरहून जवळपास पाचशे किलोमीटरवर, पिथमपूरला, नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची चाचणी-धावपट्टी २०२१ पासून आहे. पण ती मुळात कारखानदारांच्या कामाची, हौशी माणसाने सकाळी उठून जावे अशी नव्हे.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे आमचे एक सहकारी ठासून म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकत नाही. टायरांचा एक जोड, प्रवेशशुल्क, पेट्रोल यांचा हिशेब कंत्राटी प्राध्यापकाच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतका होतो. शिवाय वेडी आशाही नको. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात महागड्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. तशी माणसे धावपट्टी असती तर तिकडे गेली असती, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. तिथे दारात गाडी आणि माणूस दोन्ही तपासले जातात, आणि नेमके तेच अशांना नको असते.

पण याच विदर्भात शंकरपट आहे. तळेगाव दशासरसारख्या गावाचे नाव पटामुळे चार जिल्ह्यांत घेतले जाते. एके काळी नांगराला चालणारी जोडीच पटाला उतरायची. जोड्या सेकंदांच्या हिशेबाने धावतात आणि पटाची जागा गाव राखतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यती थांबवल्या, राज्याने २०१७ साली कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. बैलांचे हाल हा खरा प्रश्न होता आणि आहे. आम्ही पाहतो ते एवढेच, की या सगळ्या वर्षांत पटाची जागा कोणाची आहे, हा वाद कधी झाला नाही.

आमचा विद्यार्थी यंदाही जाऊन आला. विम्याच्या कागदावर शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, त्यामुळे तिथे काही मोडले तर खर्च त्याचा त्याला. निघताना आई म्हणालीच, "कशाले जातो बाप्पा येवढ्या दूर?" येताना हैदराबादच्या पुढे पाऊस लागला. ब्रेकचे पॅड झिजून पातळ झाले होते, म्हणून सगळी वाट ताशी ऐंशीने, डाव्या कडेने, ट्रकांच्या मागे राहून तो आला. मंगळवारी सकाळी दुकान उघडले, तेव्हा गाडी बाहेरच उभी होती, पुढच्या चाकांवर ब्रेकची काळी भुकटी साचलेली.