तैवानांतील विवाहहक्काचा लढा

चीनच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारें शंभर मैलांवर तैवान हें बेट आहे. विस्तारानें तें महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याहूनही लहान. लोकवस्ती मात्र सव्वादोन कोटींच्या वर. या बेटावर ता. २४ मे २०१९ रोजीं एकाच लिंगाच्या दोन व्यक्तींना परस्परांशीं विवाह करून त्याची सरकारदरबारीं नोंद करण्याचा अधिकार मिळाला. आशिया खंडांत असा अधिकार प्रथम दिला तो तैवाननें. त्या एका दिवशीं ५२६ जोडप्यांनीं नोंदणी केली. त्यांचीं छायाचित्रें जगभर छापून आलीं, आणि मागची हकीकत ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना वाटलें कीं, हें सारें एका रात्रींत घडून आलें. वस्तुतः त्यामागें तेहतीस वर्षें होतीं. आणि त्यांतील पहिलीं बरीचशीं वर्षें हा लढा म्हणजे एक मनुष्य, त्याच्या हातांतील अर्ज, आणि कचेऱ्यांकडून त्याला मिळत गेलेले नकार, एवढाच होता.

ची चिआ-वेइ हें त्या गृहस्थांचें नांव. त्यांत ‘ची’ हें आडनांव; चिनी रिवाजांत आडनांव आधीं येतें. त्यांचा जन्म १९५८ चा. सन १९८६ सालीं त्यांनीं राजधानी तैपेई येथें पत्रकारांना बोलावून, आपण पुरुषावर प्रेम करणारे पुरुष आहोंत, असें उघड सांगितलें. या सांगण्याला केवढें धैर्य लागलें असेल हें कळण्यास त्या काळची स्थिति ध्यानांत घ्यावी लागते. मे १९४९ पासून बेटावर लष्करी कायदा जारी होता. सभेला बंदी, मिरवणुकीला बंदी, नवा राजकीय पक्ष काढण्याला बंदी. चार माणसें जमवून निषेध करणें हाच जेथें अपराध, तेथें गाऱ्हाणें मांडावयाचें तरी कसें? ची यांनीं अर्जाचा मार्ग धरला. आपल्या जोडीदारासह ते तैपेईच्या जिल्हा न्यायालयांत गेले आणि आमचा विवाह नोंदवून द्या अशी त्यांनीं विनंति केली. ती नामंजूर झाली. मग त्यांनीं विधिमंडळाकडे विनंतिअर्ज केला. तिकडून आलेल्या उत्तराचा आशय असा कीं, समलिंगी लोक हे मूठभर विकृत लोक असून त्यांचा हेतु केवळ वासनापूर्तीचा आहे, आणि असला विवाह समाजाच्या सदाचाराला बाधक आहे. नागरिकानें विनंति करावी आणि राज्यसंस्थेनें उत्तरादाखल शिवी द्यावी, याहून करंटेपणा तो कोणता! त्याच वर्षीं दरोड्याच्या आरोपावरून ची यांना अटक झाली आणि सुमारें पांच महिने त्यांना कोठडींत काढावे लागले. आपल्या उघड बोलण्याचें हें शासन होतें, असें ते पुढें नेहमीं सांगत आले.

जुलै १९८७ मध्यें लष्करी कायदा उठला. हवा मोकळी झाली, पण अर्जांचें उत्तर बदललें नाहीं. सन १९९४ मध्यें न्यायखात्यानें एका पत्रान्वयें स्पष्ट केलें कीं, दिवाणी संहितेंतील विवाह म्हणजे पुरुष व स्त्री यांचेंच मीलन होय. सन २००० मध्यें ची यांनीं घटनेचा अर्थ लावणाऱ्या श्रेष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे दाद मागितली. कायदा घटनेशीं नेमका कोठें विसंगत आहे हें अर्जदारानें दाखविलेलें नाहीं, या कारणावरून पुढील वर्षीं तो अर्जही फेटाळला गेला. पंधरा वर्षें झालीं होतीं. दुसरा एखादा मनुष्य येथें थकला असता, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता.

येथें त्या देशांतील न्यायाची एक रीत सांगणें अवश्य आहे, कारण तिच्यावांचून पुढील गोष्ट उलगडत नाहीं. त्या काळीं सामान्य नागरिकाला घटनेच्या प्रश्नावर न्यायमूर्तींच्या मंडळापुढें जावयाचें तर आधीं खालच्या सर्व पायऱ्या चढून शेवटच्या न्यायालयांत हरावें लागे. कचेरीनें नकार दिला पाहिजे, त्यावरचें अपील फेटाळलें गेलें पाहिजे, मग दोन न्यायालयांत दावा बुडाला पाहिजे; तेव्हां कोठें तो दरवाजा उघडे. म्हणजे प्रत्येक नकार ही एक पायरीच. ची यांनीं या पायऱ्या पुनः पहिल्यापासून चढावयास घेतल्या. सन २०१३ मध्यें ते तैपेईच्या वानहुआ विभागांतील कुटुंबनोंदणी कचेरींत गेले, नकार मिळाला. सन २०१४ मध्यें सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयांत त्यांचा दावा शेवटचा हरला. सन २०१५ मध्यें, या वेळीं जाणत्या वकिलांच्या साह्यानें, ते घटनेच्या न्यायमूर्तींपुढें पुनः उभे राहिले. त्याच वर्षीं एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या तैपेई शहर-सरकारच्या कचेऱ्या अशीं जोडपीं परत पाठवीत होत्या, त्या शहर-सरकारनेंच मंडळाला विचारलें कीं, आम्ही देत आहोंत हा नकार घटनेला धरून आहे काय? नकार देणाऱ्याच्याच मनांत नकाराविषयीं शंका आली होती.

मधल्या काळांत रस्त्यावरही कांहीं घडूं लागलें होतें. ता. १ नोव्हेंबर २००३ रोजीं तैपेईंत समलिंगी लोकांची पहिली मोठी मिरवणूक निघाली. ती निघाली एका उद्यानांतून. त्याचें नांव आतां ‘२२८ शांतता उद्यान’ असें आहे. पूर्वीं त्याला नवें उद्यान म्हणत, आणि रात्रीच्या अंधारांत समलिंगी पुरुष तेथें एकमेकांना भेटत. पाइ शिएन-युंग यांची १९८३ सालची प्रसिद्ध कादंबरी याच उद्यानाभोंवतीं रचलेली आहे. त्या अंधारांतून दिवसाउजेडीं बाहेर पडतांना अनेकांनीं तोंडावर मुखवटे चढविले होते. घरच्यांनीं ओळखूं नये, मालकानें ओळखूं नये, ही धास्ती. निषेधास यावयाचें पण चेहरा झांकून, ही स्थिति हास्यास्पद वाटेल; परंतु ज्यांना नोकरी व घर यांची काळजी आहे त्यांच्याकडून याहून अधिकाची अपेक्षा कोणीं व कां करावी? पुढें वर्षानुवर्षें ही मिरवणूक वाढत गेली आणि मुखवटे कमी कमी होत गेले. सहा रंगांचें इंद्रधनुषी निशाण घेऊन उंच जागीं एकटे उभे असलेले ची हें तर अशा मेळाव्यांतून दरवर्षींचें दृश्य होऊन बसलें.

सन २०१३ च्या सप्टेंबरांत या चळवळीनें एक मोठी कल्पक सभा भरविली. तैपेईंत राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर केतागालान नांवाचा रुंद हमरस्ता आहे. कचेरीची इमारत जपानी अमलांतली. रस्त्याचें नांव मात्र त्या भागांतील मूळच्या आदिवासी लोकांवरून १९९६ सालीं ठेवलेलें. त्यापूर्वीं त्याचें नांव हुकूमशहा चिआंग कै-शेक यांना दीर्घायुष्य चिंतणारें होतें. सरकारपुढें गाऱ्हाणें घालावयाचें तें या रस्त्यावर, असा त्या शहराचा प्रघात पडला आहे. आतां तैवानांत लग्नाचें जेवण पुष्कळदां रस्त्यावरच होतें. आपल्याकडे दारापुढें मांडव पडतो, तसा तेथें गल्लींत मंडप पडतो; आचारी आपली भांडींकुंडीं घेऊन तेथेंच येतो, गोल मेजें मांडलीं जातात, एकेका मेजाला दहा पाहुणे बसतात आणि पदार्थांमागून पदार्थ येत राहतात. चळवळीच्या संयोजकांनीं सत्तेच्या दारापुढील त्या रस्त्यावर शंभरांहून अधिक मेजें मांडून अशीच पंगत घातली. घोषणांच्या जोडीला जेवण, आणि जेवणाला लग्नघरची कळा. आम्हांला तुमच्या चालीरीति मोडावयाच्या नाहींत, त्यांत बसावयास जागा हवी आहे, हें सांगण्याची याहून सुबोध रीत दुसरी सांपडणें कठीण. विवाहाच्या हक्कासाठीं अनेक देशांत निदर्शनें झालीं. पण घरच्या मातीचा असा वास त्यांतील थोड्यांनाच असेल.

विरोधकही स्वस्थ नव्हते. त्यांत ख्रिस्ती मंडळ्या होत्या, जुन्या कुटुंबपद्धतीचा अभिमान बाळगणारे इतर लोकही होते. नोव्हेंबर २०१३ अखेरीस त्यांनींही त्याच रस्त्यावर प्रचंड सभा भरविली. संख्येंत ते उणे नव्हते, आणि त्यांच्या भीतीला केवळ दुष्टावा म्हणून बाजूला सारणें न्यायाचें होणार नाहीं. कुटुंबसंस्था मोडकळीस येईल असें ज्यांना मनापासून वाटत होतें, त्यांतले कित्येक कोणाचे तरी आईबाप होते.

मग १६ ऑक्टोबर २०१६ उजाडला. झाक पिकू नांवाचे फ्रेंच अध्यापक राष्ट्रीय तैवान विद्यापीठांत अनेक वर्षें शिकवीत होते. तेथील एका गृहस्थांबरोबर त्यांनीं पस्तीस वर्षें संसार केला. जोडीदाराला कर्करोग झाला, तेव्हां उपचारांचा निर्णय घेण्याच्या कामीं पिकू यांना कायद्यानें कांहीं स्थान नव्हतें. आणि २०१५ मध्यें तो जोडीदार गेल्यावर दोघांनीं मिळून उभारलेल्या घरावरही त्यांचा हक्क नव्हता. पस्तीस वर्षांचा सोबती कायद्याच्या दृष्टीनें परका. त्या दिवशीं पिकू यांचाही शोकाकुल अवस्थेंत अंत झाला. या वार्तेनें बेट हळहळलें. आतांपर्यंत ‘हक्क’ हा शब्द सभांतून उच्चारला जात होता. आतां त्याला रुग्णालयाची खोली आणि बंद झालेलें घर असा अर्थ आला. त्याच महिन्यांत यू मेइ-न्यू या महिला सभासदानें विधिमंडळापुढें विधेयक ठेवलें.

डिसेंबरांत केतागालान रस्ता आठवड्याच्या अंतरानें दोनदां भरला. ता. ३ रोजीं विरोधक जमले, ता. १० रोजीं, म्हणजे मानवी हक्कांच्या दिवशीं, समर्थक. यापुढें असा एकही जीव जाऊं नये म्हणून उभे रहा, या अर्थाचें त्या दुसऱ्या मेळाव्याचें आवाहन होतें. संयोजकांच्या अंदाजानें अडीच लाख माणसें आलीं. संयोजकांचे अंदाज सढळ असतात हें खरें. तरी तेरा वर्षांपूर्वीं मुखवटे घालून निघालेल्या मिरवणुकीशीं ताडून पाहिलें म्हणजे मजल किती झाली तें कळतें.

घटनेच्या न्यायमूर्तींनीं ता. २४ मार्च २०१७ रोजीं उघड सुनावणी घेतली. पंधरांपैकीं चौदा न्यायमूर्ति बसले. पंधरावे यू मेइ-न्यू यांचे पति असल्यामुळें ते स्वतःहून दूर राहिले. या सभ्यतेची नोंद केली पाहिजे. ता. २४ मे रोजीं निर्णय आला. त्याचा क्रमांक ७४८. समलिंगी जोडप्यांना विवाहापासून वंचित ठेवणारा कायदा घटनेंतील स्वातंत्र्य व समता या तत्त्वांशीं विसंगत आहे. दोन वर्षांत तो सुधारावा. न सुधारल्यास दोन साक्षीदारांच्या सह्यांचा कागद घेऊन जोडपीं सरळ नोंदणी कचेरींत जाऊं शकतील, असें त्यांत म्हटलें होतें. परंतु त्याहून मनावर ठसतें तें निर्णयाच्या विवेचनाचा आरंभ वाचतांना. तेथें ची चिआ-वेइ यांनीं विधिमंडळ, सरकार आणि न्यायालयें यांकडे तीस वर्षांहून अधिक काळ केलेल्या अर्जांची व त्या प्रत्येकाच्या वासलातीची हकीकत दिलेली आहे. एकेका कचेरींतून परत आलेले ते अर्ज असे एका ओळींत मांडले गेले, आणि इतकें थांबविल्यानंतर आणखी थांबा म्हणणें न्यायमूर्तींना उचित वाटलें नाहीं.

येथेंच गोष्ट संपावयास हवी होती, पण ता. २४ नोव्हेंबर २०१८ रोजीं सार्वमत झालें. दिवाणी संहितेंतील विवाह हा पुरुष व स्त्री यांचाच असावा काय, या प्रश्नाला सुमारें साडेशहात्तर लाख मतदारांनीं होय म्हटलें. नाहीं म्हणणारे सुमारें एकोणतीस लाख. दोन वर्षांपूर्वीं ज्यांनीं रस्ते भरले, त्यांना त्या रात्रीं कळलें कीं आपला शेजारी आपल्या बाजूचा नाहीं. न्यायालयांतील पराभवांची ची यांना संवय होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मतपेटींतून दिलेला नकार त्याहून जिव्हारीं लागणारा होता. परंतु न्यायमूर्तींचा निर्णय सार्वमतानें रद्द होत नव्हता. संहितेला हात लावावयाचा नाहीं आणि विवाहाचा अधिकार तर द्यावयाचा, या कात्रींतून सरकारनें वाट काढली ती अशी: संहिता तशीच ठेवून वेगळा कायदा करावयाचा, आणि त्याच्या नांवांत ‘समलिंगी’ वा ‘विवाह’ हे शब्दच न घालतां ‘निर्णय क्रमांक ७४८ अंमलबजावणी कायदा’ एवढेंच म्हणावयाचें. पुष्कळांना हें नांव अपमानास्पद वाटलें. पण शहाण्यांनीं नांवापेक्षां चौथ्या कलमावर नजर ठेवली, कारण विवाहनोंदणीचा उल्लेख त्यांत होता. विरोधी बाजूनें मांडलेल्या पर्यायी विधेयकांत तो शब्द टाळला होता.

ता. १७ मे २०१९, शुक्रवार. सकाळपासून पाऊस. विधिमंडळाच्या बाजूच्या रस्त्यावर हजारों लोक छत्र्या आणि रेनकोट घेऊन जमले होते. आंत एकेक कलमावर मतें पडत होतीं आणि बाहेर पडद्यावर तीं दिसत होतीं. निकालानंतर काय करावें हें कोणालाच ठाऊक नसावें; सहा महिन्यांपूर्वींचा पराभव फार ताजा होता. चौथें कलम ६६ विरुद्ध २७ मतांनीं संमत झालें. लोक एकमेकांच्या गळ्यांत पडून रडले. पाऊसही त्या सुमारास थांबला, असें तेथें असलेल्यांनीं लिहून ठेवलें आहे.

कायदा अपुरा होता. दत्तक घ्यावयाचें तर जोडीदाराच्या पोटच्या मुलासच घेतां येई. आणि जोडीदार परदेशीय असून त्याच्या देशांत असा विवाह मान्य नसेल, तर नोंदणी होत नसे. दुसरी अडचण, चीनच्या मुख्य भूमीवरील जोडीदारांखेरीज इतरांपुरती, जानेवारी २०२३ मध्यें सरकारी आदेशानें दूर झाली, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत दोघांना मिळून दत्तक घेण्याचा अधिकार विधिमंडळानें दिला. कायद्याचें नांव मात्र तेंच राहिलें आहे. त्यांत एका निर्णयाचा क्रमांक आहे, आणि त्या निर्णयांत वानहुआच्या कचेरीनें परत केलेला एक अर्ज.