भिऊन आईकडे धावणारे मूल

अपस्मार हा शब्दच मोठा बोलका आहे. स्मृती सुटणे, भान हरपणे, एवढेच तो सांगतो. चरकसंहितेत उन्मादाच्या अध्यायापाठोपाठ अपस्माराचा अध्याय येतो व त्याची कारणे वात, पित्त, कफ या दोषांत शोधलेली दिसतात. परंतु लहान मुलांपुरता सुश्रुतसंहितेत स्कंदापस्मार नावाचा बालग्रहही सांगितला आहे. देहातला दोष की बाहेरची बाधा, या दुहेरी विचारात फेफऱ्याचे मूल सापडले. आणि एकाच घरात वैद्याचा काढा व देवाचा अंगारा शेजारी शेजारी नांदले.

ग्रीसमध्येही हाच वाद होता. इ. स. पू. 400 च्या सुमारास, हिपोक्राटीसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात, या 'पवित्र' रोगात दैवी असे काही नसून त्याचे मूळ मेंदूत आहे, असे स्वच्छ सांगितले गेले. त्याच ग्रंथातील एक निरीक्षण फार मार्मिक आहे. झटका येणार असे कळताच मोठी माणसे लाजेने एकांतात पळतात. लहान मुले मात्र भीतीने आईकडे धावतात, कारण लाज म्हणजे काय हे त्यांना अजून ठाऊक नसते. मग ही लाज मूल पुढे शिकते कोणाकडून? तुमच्याआमच्याकडूनच नव्हे काय?

औषधांचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. 1857 साली लंडनच्या चार्ल्स लोकॉकने ब्रोमाइडचा गुण सांगितला. 1912 साली जर्मनीत हाउप्टमानने फेनोबार्बिटलचा उपयोग दाखविला. 1929 साली हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूतील विद्युत्लहरींचे आलेख प्रसिद्ध केले, आणि 1938 मध्ये फेनिटॉइन आले. झटके आवरू लागले.

परंतु मुलाचा हट्ट, संताप, एका जागी न बसणे, याचे काय? ते 'आईबापांनी लाडावले' या एका वाक्यात निकालात निघे. 1970 साली इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावरील पाहणी प्रसिद्ध झाली. सामान्य मुलांत मनाच्या वा वर्तनाच्या तक्रारी शंभरांत सुमारे 7 होत्या. मेंदूखेरीज अन्य दीर्घ आजार असलेल्यांत सुमारे 12. आणि मेंदूची दुसरी कोणतीही इजा नसलेल्या अपस्मारी मुलांत सुमारे 29. म्हणजे केवळ आजारपणाच्या लाडांनी हे घडत नाही. शिवाय फेनोबार्बिटलसारखे औषध काही मुलांना उलट चिडखोर व चंचल करते, हेही वैद्यकाला कळून चुकले आहे. अशा वेळी पालकाने काय करावे? औषध आपल्या मनाने बंद करू नये. घरातील वर्तनाची नोंद ठेवून ती डॉक्टरांपुढे मांडावी. शिस्त जरूर असावी, पण झटक्याची शिक्षा मुलाला कधीही होऊ नये.

समाजाने मात्र लाज फार काळ जपली. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही विवाहाच्या आड येणारी गोष्ट ठरली. ते शब्द 1999 साली वगळले गेले. कायद्याने लाज सोडावयास तेवीस वर्षे घेतली. घराने इतका वेळ घेण्याचे कारण नाही. झटक्याच्या चाहुलीने मूल ज्या दाराकडे धावते, ते दार उघडे असावे, एवढेच त्याचे मागणे आहे.