कड्याखालची बोट : प्रस्तावना

समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला पहिली अडचण जागेची येते. यातल्या बऱ्याच जाती वर्षाचा मोठा काळ उघड्या समुद्रावर काढतात. अंडी घालायची वेळ आली की त्यांना जमीन लागते, पण तीही कोल्ह्या-उंदरांना पोचता येणार नाही अशी. उभे कडे आणि सुटी बेटे म्हणूनच त्यांना सोयीची. कड्याच्या माथ्यावरून वाकून पाहिले तर फार तर पाठी आणि पंख दिसतात. कडा समोरून पाहायचा तर समुद्रात जावे लागते, म्हणून या अभ्यासाची सुरुवात बोटीत होते. पर्यटकांच्या सफरींना करमणूक म्हणून बाजूला सारणारे काही अभ्यासक मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. या विषयाचा इतिहासच तशा सफरींशी बांधलेला आहे, आणि तो इतिहास सुखाचा नाही.

इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावर बेम्प्टन आणि फ्लॅम्बरो हेडचे पांढऱ्या खडूच्या दगडाचे कडे आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथे बोटी जात त्या शिकाऱ्यांना घेऊन. ऐन विणीच्या दिवसांत कड्याखाली बोट उभी करायची आणि घरट्यांवरच्या पक्ष्यांवर बार टाकायचे, हा सुट्टीतला खेळ होता. किटिवेक या लहान कुरवाचे पंख बायकांच्या टोप्यांसाठी विकले जात. आईबाप मेले की पिल्ले कड्यावर उपाशी मरत. केंब्रिजचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटन यांनी १८६८ साली नॉरिच इथल्या विज्ञान परिषदेत याविरुद्ध भाषण केले. स्थानिक धर्मोपदेशकांनीही आवाज उठवला, आणि १८६९ मध्ये ब्रिटिश संसदेने समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात शिकार बंद झाली. अंड्यांना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. दोराने कड्यावरून उतरून अंडी गोळा करणाऱ्यांचा धंदा १९५४ च्या पक्षीरक्षण कायद्यापर्यंत चालू राहिला. आज त्याच कड्यांखाली दुर्बिणी घेतलेल्या माणसांच्या बोटी जातात. बंदुकीकडून दुर्बिणीकडे झालेला हा बदल नव्या अभ्यासकाला ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते.

आता कड्याकडे वळू. नॉर्थम्बरलंडच्या सीहाउसेस बंदरातून फार्न बेटांकडे बोटी जातात. ही बेटे काळ्या, कठीण डोलेराइटची. भरती-ओहोटीप्रमाणे त्यांची संख्याच बदलते, १५ पासून २८ पर्यंत. स्टेपल आयलंडजवळ समुद्रातून सरळ वर आलेले सुळके आहेत. बोट त्यांच्याजवळ आली की आधी वास येतो, मग कालवा ऐकू येतो, आणि मग सुळक्याचा काळा-पांढरा माथा हलतो आहे हे ध्यानात येते. तो माथा म्हणजे खांद्याला खांदा लावून उभे असलेले गिलेमॉट पक्षी. दाटी असेल तिथे एका चौरस मीटरात वीस-वीस जोडपी मावतात.

नवख्याला ही नुसती गर्दी वाटते. थोडा वेळ नजर स्थिर ठेवली की तिच्यातली व्यवस्था उलगडते. पाण्यालगतच्या खडकांवर हिरवट झाक असलेले शॅग जातीचे पाणकावळे. त्यांच्या वर, बोटभर पुढे आलेल्या दगडावर चिखल आणि समुद्री गवत लिंपून केलेले किटिवेकचे घरटे. रुंद पायऱ्यांवर गिलेमॉट, भेगांत रेझरबिल, आणि बेटावर जिथे माती आहे तिथे बिळांतून पफिन. एकाच कड्याची ही वाटणी कशी झाली, भांडण कुठे होते, कोण कोणाला हुसकावते, हे प्रश्न बोटीतच सुचू लागतात.

गिलेमॉट घरटे बांधत नाही. उघड्या दगडावर एकच अंडे, एका टोकाला निमुळते, नासपतीच्या आकाराचे. रंग निळसर, हिरवा किंवा पांढरा. वर काळ्या-तपकिरी रेघोट्या. प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी वेगळी, आणि त्या गर्दीत आईबाप आपले अंडे तिच्यावरून ओळखतात. हा आकार कशासाठी? अंडे घरंगळले तरी गोल फिरून जागेवर यावे म्हणून, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. पक्षिशास्त्रज्ञ टिम बर्कहेड यांनी वेल्सजवळच्या स्कोमर बेटावर १९७२ पासून या पक्ष्याचा अभ्यास चालवला. अंडे मुळात घरंगळूच नये, उतरत्या दगडावरही बसून राहावे, यासाठी हा आकार उपयोगी पडतो, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून मांडले. पाठ्यपुस्तकात स्थिरावलेली गोष्ट पुन्हा तपासावी लागते, याचे इतके लखलखीत उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

गिलेमॉटचे पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचे झाले, उडताही येत नाही, की संध्याकाळच्या सुमारास ते कड्यावरून खाली झेपावते. पुढे समुद्रावर त्याला सांभाळतो तो बाप.

याच सफरींत सीलही भेटतात, पण त्यांचा ऋतू वेगळा. ग्रे सील बोटीतून वर्षभर दिसतात, पण फार्न बेटांवर त्यांची पिल्ले जन्मतात ती ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. पिल्लू पांढऱ्या लोकरीचे, साधारण १४ किलोचे. आईच्या दुधात ६० टक्क्यांपर्यंत चरबी असते. तीन आठवड्यांत पिल्लाचे वजन तिपटीच्या घरात जाते आणि उपाशी आई रोडावते. पिल्ले मोजताना एकच दोनदा धरले जाऊ नये म्हणून रक्षक त्यांच्या अंगावर रंगाचा शिडकावा करत असत. या काळात बोटीने अंतर राखलेच पाहिजे. आई बिचकून पाण्यात गेली तर पिल्लाचे दूध तुटते.

मोजणी कंटाळवाणी असते हे खरे. पण २०२२ मध्ये पक्ष्यांमधल्या फ्लूची साथ आली तेव्हा तिचीच किंमत कळली. स्कॉटलंडचा बास रॉक ही साथीआधी गॅनेट या समुद्रपक्ष्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत होती. २०१४ मध्ये तिथे सुमारे ७५,००० जोडप्यांच्या जागा मोजल्या होत्या. २०२३ मध्ये ५२,००० च्या आसपास उरल्या. आधीची मोजणी नसती, तर किती गेले हे सांगायला आधारच नव्हता. साथीतून वाचलेल्या काही गॅनेटचे फिकट निळे डोळे काळे झाले होते, हेही कुणीतरी जवळून पाहिले म्हणूनच समजले.

आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत. वेंगुर्ला रॉक्सवर मात्र सुरय घरटी करतात आणि गुहांत पाकोळ्या राहतात. पक्षिशास्त्रज्ञ हुमायूं अब्दुलअली यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्याबद्दल लिहून ठेवले आहे. तेव्हा पुढच्या प्रकरणांतली पद्धत कोकणातल्या वाचकालाही वापरता येईल.

पहिल्या सफरीला जाणाऱ्याने मे अखेर किंवा जून निवडावा आणि आधी अंदाज व मोजणीचे प्रकरण वाचावे, जाती ओळखण्याचे नंतर. बोटीत एकच पायरी निवडून तिच्यावरचे पक्षी मोजावेत. बोट वळून परत आली की तीच पायरी पुन्हा मोजावी आणि दोन्ही आकडे वेळेसह, वाऱ्याच्या दिशेसह वहीत लिहावेत. ते जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, याचा विचार तिसऱ्या प्रकरणापासून सुरू होतो.